न दिलेली ओ

आमच्या भागात कुणी हातातोंडाशी आलेलं काम टाकून आधी जेवायला बसला, की जुनी माणसं अजून म्हणतात, "ह्येणां नारायणासारी सायकल लावल्यान." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना नारायण कोण हे ठाऊक नसतं. माझ्या सुनेने मला एकदा विचारलं, तेव्हा मी खोबरं किसता किसता सांगितलं, की होता एक कट्टा गावचा पाववाला, सायकलचा विक्रम करायला निघाला आणि वाटेत पेडव्याच्या तिखल्याचा, म्हणजे मासळीच्या झणझणीत कालवणाचा, वास आला म्हणून जेवायला थांबला. ती हसली. हा किस्सा लोक हसण्यासाठीच सांगतात. ज्या घरापुढे त्याने सायकल लावली ते घर आमचं आणि ते तिखलं माझ्या आईने केलेलं, हे मी तिला सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे, कारण त्या जेवणाला बसलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले.

आम्ही तारी. आडनावानेही आणि धंद्यानेही. धामापूरच्या खालच्या अंगाला खाडी आहे, आता तिच्यावर पूल आहे, पण माझ्या लहानपणी मालवणहून कुडाळ-सावंतवाडीला या वाटेने जाणाऱ्याला आमच्या तरीत बसल्याशिवाय गती नव्हती. तर म्हणजे माणसं, शेळ्या, नारळ, नवरीची ट्रंक, सगळं पलीकडे नेणारी रुंद होडी. तर नको असेल त्याने कट्ट्यावरून लांबचा वळसा घालावा. आमचं घर अलीकडच्या काठावर, चार माडांच्या पलीकडे लगेच पाणी. भरतीच्या वेळी मागच्या दारात बसून आई भांडी घासायची, तेव्हा तिच्या पायांपासून पाणी फार लांब नसायचं. घरात कायम चिखलाचा, सुक्या मासळीचा आणि ओल्या दोराचा वास. मला तो वास लग्न होऊन सावंतवाडीला गेल्यावर पहिल्यांदा जाणवला, म्हणजे तो तिथे नव्हता तेव्हा.

आमच्या घराचा दिवस हाकेवर चालायचा. पलीकडच्या काठावर माणूस आला की तो दोन्ही हात तोंडाशी धरून कुकारो घालायचा, "कू-ऊ-ऊ". हा कुकारो ऐकू आला की आमच्या बाजूने ओ द्यायची. ओ दिली की पलीकडचा माणूस निवांत खाली बसायचा, पान काढायचा. तर यायला वेळ लागो, बाबा दुसऱ्या कामात असोत, ओहोटी असो, तो कुरकुर करत नसे. आपण आलोय हे कुणाला तरी कळलंय, एवढं त्याला पुरायचं. ओ मात्र लगेच गेली पाहिजे. बाबा म्हणायचे, तर उशिरा गेली तर माणूस थांबतो, ओ गेली नाही तर माणूस भितो. खाडीच्या काठी एकट्या माणसाला काय काय वाटतं ते बाबांना माहीत होतं.

ओ द्यायचं काम आईचं. बाबांचा आवाज बसका, विडीने खाल्लेला. आईचा आवाज पातळ आणि लांब जाणारा. ती चुलीपुढून उठायची, मागच्या दारात यायची, डोक्यावरचा पदर सावरायची आणि "ओ-ओ-ओय" अशी ओ द्यायची. पलीकडच्या गावात कुणाला विचारलं तर लोक आईचं नाव सांगू शकले नसते, पण तिची ओ सगळ्यांच्या ओळखीची होती. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच आया अशा ओरडतात.

वासूदादा माझा थोरला भाऊ. त्याला तरीत रस नव्हता. मालवणात एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला राहिला आणि सायकलच्या नादाला लागला. त्या काळात मालवणातल्या एका तरुण मंडळाला विक्रमांचं वेड लागलं होतं. गोव्यात अजून पोर्तुगीज होते, त्यामुळे पोरांच्या अंगातली रग दक्षिणेकडे जाऊ शकत नव्हती, असं आमचे एक मास्तर म्हणायचे. मंडळाने ठरवलं, की मालवणहून पहाटे निघायचं, सावंतवाडीला तलावाच्या काठाला हात लावायचा, तिथून खूण म्हणून एक लाकडी फळ आणायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. कमीत कमी वेळात येईल त्याचं नाव मंडळाच्या पाटीवर. वाट हीच, तरीची. तरीत जाणारा वेळ वजा करायचा की नाही, यावर मंडळात म्हणे मोठी भांडणं झाली. शेवटी ठरलं, तर ही वाटच आहे, वाटेत जे होईल ते वेळात धरायचं.

वासूदादाने तो विक्रम केला. तो परत येत होता तेव्हा दुपारची भांडी घासून झाली होती. बाबा सकाळपासून तर पलीकडच्या काठालाच लावून, वल्हं हातात धरून बसले होते. दादा उतारावरून आला तो सायकलसकट थेट तरीत. त्याला कुकारो घालावाच लागला नाही. आम्हांला यात काही गैर वाटलं नाही, बापाची तर बाप लेकासाठी तयार ठेवणारच. मंडळातही कुणी काही बोललं नाही. पाटीवर पांढऱ्या रंगाने 'वासुदेव तारी' असं लिहिलं गेलं. त्याआधी आमचं आडनाव कुठे रंगवून लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तोवर ते हाक मारायलाच वापरलं जायचं, "ए तारी, वायच लवकर घे" असं. आता मालवणच्या बाजारात लोक बाबांना "वासुदेवाचे वडील" म्हणायला लागले. बाबा बाजाराला जाताना धुतलेली टोपी घालू लागले. दादाने आणलेला लाकडी आंबा देवाच्या फळीवर, हळदकुंकवाच्या शेजारी बसला.

नारायण हा कट्ट्याच्या भट्टीवरचे पाव विकायचा. मागच्या कॅरियरला मोठी टोपली, हँडलला रबरी भोंगा. सकाळी आमच्या तरीतून पलीकडे जायचा, गावोगाव पाव आणि काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, विकून जेवणवेळेला परत यायचा आणि कुकारो घालायचा. त्याचा कुकारो वेगळा, शेवटाला भोंग्यासारखा एक हेलकावा असायचा. आई त्याला मुद्दाम तसाच हेलकावा घालून ओ द्यायची. उरलेली काकणं तो माझ्या हातात कोंबायचा. वासूदादाचा तो मित्रच म्हणायचा. विक्रम झाला तेव्हा दादाला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत तो होता. आणि एक दिवस त्याने दादाला सांगितलं, की मी पण एकदा बघणार आहे जमतंय का. दादा म्हणाला, बघ की. पावाची टोपली घेऊन जाणार की टोपलीशिवाय, असंही त्याने विचारलं, आणि आम्ही सगळे हसलो. नारायणही हसला.

तो निघाला त्या दिवशी पहाटे बाबांनीच त्याला पलीकडे नेलं. उतरताना त्याच्या पाठीवर थाप मारली, तारणावळ, म्हणजे तरीचं भाडं, घेतली नाही. मला हे नीट आठवतं, कारण पुढे मी बाबांवर किती रागावले तरी ही थाप मधे येते. ती खोटी नव्हती. त्यांना वाटलं होतं की हा परत यायला दुपार कलेल, फार तर दादाच्या बरोबरीने येईल. दादाही मालवणहून सुट्टी काढून घरी आला होता. सकाळभर तो काठावर बसून दगड भिरकावत होता आणि मधूनमधून सूर्याकडे बघत होता.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं पेडव्याचं तिखलं, सोलाची कढी. बाबा आणि दादा पाटावर, मी त्यांच्या समोर, आई वाढत होती. बाबांनी पहिला घास घेतला असेल नसेल, पलीकडून कुकारो आला. शेवटाला हेलकावा असलेला.

दादाचा हात भातात थांबला. बाबांनी दाराबाहेर उन्हाकडे बघितलं. मलाही कळलं, आईलाही कळलं. दादा इथे पोचला होता तेव्हा भांडी घासून झाली होती, आणि आता आम्ही नुकते कुठे जेवायला बसत होतो. अख्ख्या एका जेवणाचं अंतर नारायणाने मारलं होतं. आई सवयीने उठली. पळी पातेल्यात ठेवली, पदर डोक्यावर घेतला, मागच्या दाराकडे दोन पावलं गेली.

बाबा म्हणाले, "बस गो. जेवान होवंदे."

आई वळून त्यांच्याकडे बघत राहिली. जेवताना हाक आली तर उठायचं नाही, हे आमच्याकडे चालायचंच, भरल्या ताटावरून बाबांना कुणी उठवत नसे. पण ओ तर आई द्यायची. तिला कुठल्या ताटावरून उठायचं होतं? ती तशीच उभी होती. दुसरा कुकारो आला. बाबांनी मान वर न करता, "बस म्हटलंय मा," एवढंच म्हटलं. आई चुलीपाशी जाऊन बसली. तोंडाशी आलेली ओ तिने गिळली, ते मी समोरून पाहिलं.

मग आम्ही जेवलो. मी आयुष्यात पुष्कळ जेवणं जेवले, काही मयताच्या घरची, काही भांडणानंतरची. पण असं जेवण नाही. कुकारो येत होता, थोडा थांबत होता, पुन्हा येत होता. दादा काटे बाजूला काढत होता आणि काढलेले काटे पुन्हा निवडत होता. बाबा सावकाश जेवत होते. दुपारी तरीवर माणसं वाट बघत असतात म्हणून बाबांनी कधी दुसऱ्यांदा भात घेतल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "वायच भात घाल." आईने घातला. त्यांनी कढी मागितली, आईने कढी दिली. कुणी कुणाला थांबवलं नाही. दादाने एक शब्द उच्चारला असता तर बाबा उठले असते, याची मला तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे. दादाच्या नावासाठीच चाललं होतं सगळं. पण दादा खाली बघून जेवत राहिला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

थोड्या वेळाने कुकारो बंद झाला. त्या शांततेत मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला आणि मी घास तोंडातच धरून बसले. बाबांनी हात धुतला, पान लावलं, चुना जरा जास्त झाला म्हणून पुसला, आणि मग तर सोडायला गेले. मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले. पलीकडे नारायण उंडीच्या झाडाखाली सायकल टेकवून बसला होता. इकडेच बघत होता. आमच्या घराच्या चुलीचा धूर, मागचं उघडं दार, सगळं त्याला तिथून दिसत होतं.

तर अलीकडे लागली. दादा अंगणात आला होता. त्याच्या अंगात आता एकाएकी घाई आली होती. त्याने नारायणाची सायकल स्वतः उचलून वर आणली, चाकं चाचपली आणि म्हणाला, "नारायणा, अजून वेळ आसा. आता सुटलंस तर पोचतलंस." ते खरंही होतं. आमच्या जेवणाने दोघांना बरोबरीला आणून ठेवलं होतं, आणि नारायणाच्या पायांत दादापेक्षा जास्त दम होता.

नारायणाने सायकल दादाच्या हातून घेतली आणि आमच्या माडाला टेकवून लावली. न्हाणीच्या दगडावर बसून पाय धुतले. मग ओटीवर येऊन आईला म्हणाला, "काकी, माका पण वाढ गो. भूक लागली हा."

आई हलली नाही. दादाने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी अगदी काकुळतीने, की अरे जा, आधी जा, जेवण पळून जात नाही. नारायण पाटावर बसला. बाबा दारात उभे होते, तोंडात पान, आणि ते चघळायचं विसरले होते. नारायण कुणाकडे न बघता, पुढ्यातल्या जमिनीला सांगावं तसं बोलला.

"मी आता गेलंय तर मालवणात इचारतले, तरीर एवढो वेळ खंय गेलो? माका खोटां बोलूक जमाचां नाय. आनि खरां सांगलंय, तर काकानु, त्या काठार परत खंयच्या तोंडान कुकारो घालू?"

मग त्यानेच आमच्या वतीने बोलावं तसं म्हटलं, "वारो उलटो आसा आज. आयकाक येवक नाय तुमका." वारा उलटा नव्हता. वारा पलीकडून आमच्याकडेच येत होता, चुलीतला धूर घरभर झाला होता. दादा उठून घरामागे निघून गेला. आईने ताट वाढलं. नारायण पोटभर जेवला, दोनदा तिखलं मागून घेतलं, आणि जेवून झाल्यावर खिशातून लाकडी आंबा काढून आईच्या हातात दिला. आता त्याचं काय काम, असं म्हणाला. आईने तो फळीवर दादाच्या आंब्याशेजारी ठेवला. दोन्ही एकाच माणसाने कोरल्यासारखे होते. पुढे घर सारवताना ते खालीवर झाले आणि कुठला कुणाचा हे कुणालाच सांगता येईना.

मालवणात पोचायला त्याला दिवेलागण झाली. मंडळाची माणसं घड्याळ घेऊन ताटकळत बसली होती. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा नारायण म्हणाला, "मी जेवूक थांबलंय." एवढंच. ते खरंच होतं, त्यात एक शब्द खोटा नव्हता. आधी लोकांना पटेना, मग जो हशा पिकला तो काही वर्षं चालला. कट्ट्याच्या बाजारात, मालवणच्या बंदरावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे जाईल तिथे नारायणाला भाताचा ढीग वाढायचे आणि म्हणायचे, बघ रे, आज कुठे जायचं नाही ना. तो हसून ताट पुढे करायचा. आमच्याकडे पाहुणे यायचे तेही आईला म्हणायचे, तुमच्या तिखल्याने बिचाऱ्याचा विक्रम घालवला. आई आत निघून जायची. लोकांना वाटायचं, कौतुकाने लाजली.

दादा त्यानंतर दोनदा मंडळात सांगायला म्हणून गेला. दोन्ही वेळा परत आला तो न बोलता. दुसऱ्या वेळी मी त्याला अंगणातच विचारलं, सांगितलंस का. तो म्हणाला, थंय बाबांचो इषय निघालो, लोक बाबांक बरां म्हणी होते, मगे कसां सांगू. त्याचं तेही खोटं नव्हतं. पाटी वाळवीने खाल्ली तोवर त्याचं नाव तिच्यावर होतं. आता त्याचे नातू सांगतात, आमच्या आजोबांचा विक्रम कुणी मोडला नाही. हल्ली पुलावरून रंगीत कपड्यांतली, डोक्यावर टोप घातलेली सायकलवाली पोरं जातात. परवा एकजण माझ्याकडे पाणी प्यायला थांबला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याने किती दम खाल्ला तेसुद्धा मोजत होतं. मी विचारलं, वाटेत कुणाकडे जेवायला थांबलास तर? म्हणाला, मग ते गणतीत धरत नाहीत, आजी.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसाचं. रात्री आईने फक्त एकदा बाबांना विचारलं, "उद्या तो कुकारो घालतलो काय नाय?" सकाळी नारायण पावाची टोपली घेऊन नेहमीसारखा आला, भोंगा वाजवला, तरीत बसला, पलीकडे गेला. परत कट्ट्यावरून वळसा घालून जाईल, असं आम्हां सगळ्यांच्या मनात होतं. तसं झालं असतं तर बरं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. त्याचं तोंड बघायची मला लाज वाटत होती.

दुपारी ताटं वाढली. आदल्या दिवशीचंच तिखलं होतं, मुरलेलं. बाबांनी चित्रावती घातल्या, भात कालवला, आणि कुकारो आला. त्याच सुरात, तोच हेलकावा. आई उठली, मागच्या दारात गेली, पदर घेतला, आणि तिच्या तोंडातून आवाजच फुटेना. तिने दोनदा तोंड उघडलं. मग पदर तोंडात कोंबून ती चौकटीला टेकून रडायला लागली. "माझ्या तोंडातसून येणा नाय," असं म्हणत होती.

बाबा ताटावरून उठले. जन्मात पहिल्यांदा, कालवलेल्या भातावरून. आईला बाजूला सारून ते माडांमधून थेट पाण्यापर्यंत गेले आणि तिथे उभं राहून त्यांनी ओ दिली. फाटलेली, विडीने खाल्लेली, कशीतरीच. ती पलीकडे पोचली की नाही कोण जाणे, म्हणून त्यांनी पुन्हा दिली, आणि पुन्हा. एका ओने भागलं असतं, पण ते थांबेनात. पलीकडे नारायण उठून उभा राहिला आणि त्याने हात वर केला, ऐकू आलं अशा अर्थाने. तरी बाबा ओ देतच होते. शेवटी ते तरीत चढले, आणि वल्हं धरलं तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताला भात तसाच होता.